मुलगी याच कॅन्सरवर संशोधन करते, आणि तिलाच सांगायचं नाही?

नाशिक रोडहून एका 67 वर्षांच्या गृहस्थांचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून ते थोडक्यात देत आहे. नोटा छापणाऱ्या प्रेसमधून ते निवृत्त झाले आहेत. रात्री चार-चारदा लघवीला उठावं लागतं म्हणून युरॉलॉजिस्टकडे गेले. रक्ताच्या तपासणीत पीएसए 11 आला, बायोप्सी झाली आणि प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर निघाला. रिपोर्टवर ‘ग्लिसन 3+4’ आहे (गाठीच्या पेशी किती आक्रमक दिसतात, याचा हा आकडा), हाडांचा स्कॅन स्वच्छ आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन किंवा रेडिएशन असे पर्याय दिले आणि ‘घरी बोलून कळवा’ म्हणाले. त्याला दोन महिने होत आले. घरात फक्त पत्नीला माहीत आहे, आणि तिलाही शपथ घातली आहे. सातपूरला नोकरी करणाऱ्या मुलाला ‘मुतखड्याची तपासणी’ असं सांगितलं आहे. मुलगी 36 वर्षांची, बंगळूरला शास्त्रज्ञ आहे, आणि तिचा विषय आहे प्रोस्टेट कॅन्सरची मॉलिक्युलर बायोलॉजी. ती दिवाळीला येणार आहे.

ते लिहितात, ‘पोरीच्या तोंडावर हे कसं बोलायचं? तिला कळलं तर हातातलं काम टाकून धावत येईल. आणि खरं सांगू का, ती माझ्याकडे बघेल तेव्हा तिला बाप दिसणार नाही, तिच्या काचेखालच्या पेशी दिसतील. तिच्या संशोधनात माझ्यासाठी काही आहे का, हे विचारावंसं वाटतं. नसेल तर तिलाच वाईट वाटेल, म्हणून तेही विचारत नाही. उपचार उरकून मगच सांगावं का?’

नमस्कार,

पत्रातली एक ओळ वर दिलेली नाही, पण उत्तराची सुरुवात तिथूनच करावी लागेल. तुम्ही म्हणता, लोक मुलीबद्दल विचारायचे तेव्हा तुम्ही अभिमानानं ‘कॅन्सरवर संशोधन करते’ असं सांगायचात. कुठल्या अवयवाच्या, ते कधी सांगितलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर ‘पोटाच्या’ म्हणायचात. म्हणजे ही लपवाछपवी दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेली नाही. आजार तुमच्या शरीरात नव्हता तेव्हाही तो शब्द तुमच्या तोंडून बाहेर पडत नव्हता. मुलीच्या कानावर हे कधीच गेलं नसेल असं समजू नका. लग्नाकार्यात एखाद्या मावशीनं तिला ‘पोटाच्या कॅन्सरचं कसं चाललंय?’ असं नक्की विचारलं असेल, आणि ती हसून गप्प बसली असेल.

यात तुम्हाला दोष द्यायचा नाही. आपल्याकडे पुरुषांनी लघवीच्या जागेबद्दल बोलायचं ते डॉक्टरच्या केबिनमध्ये, तेही दार लावून. पण हा संकोच आणि ‘पोरीला त्रास नको’ ही काळजी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पत्रात त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. मला वाटतं, तुम्ही काळजीचं कारण पुढे करताय, पण अडलंय ते संकोचापाशी. हे एकदा स्वतःशी कबूल केलंत की पुढचं बरंच सोपं होईल.

आता त्या काचेखालच्या पेशींबद्दल. तुमची मुलगी नेमक्या कुठल्या पेशींवर काम करते ते मला माहीत नाही. पण या विषयातल्या जगभरच्या प्रयोगशाळांत एलएनकॅप नावाच्या पेशी वाढवल्या जातात. 1977 साली अमेरिकेत एका 50 वर्षांच्या पुरुषाच्या मानेजवळच्या लसीकाग्रंथीतून त्या घेतल्या होत्या. प्रोस्टेटचा कॅन्सर त्याच्या शरीरात तिथपर्यंत पोचला होता. त्याच्या पेशी आजही डिशमध्ये वाढताहेत, आणि त्यांच्यावर औषधं तपासली जाताहेत. तुमच्या रिपोर्टमधला पीएसए हेही प्रोस्टेटच्या पेशींनीच तयार केलेलं एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकाचा खटका अँड्रोजेन रिसेप्टर नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या हातात असतो. नवं औषध त्या रिसेप्टरवर चाललं की नाही, हे बघायला संशोधक डिशमधल्या पेशींचा पीएसए मोजतात. ज्या आकड्यानं तुमची झोप उडवली, तो तुमच्या मुलीला नवा नाही.

म्हणूनच तुमची भीती मला उलटी वाटते. डिशमधल्या पेशी आणि जिवंत माणूस यांच्यात केवढं अंतर असतं, हे ज्याला रोज त्या पेशी हाताळाव्या लागतात त्याला सगळ्यात जास्त कळतं. डिशमध्ये शंभर औषधं चालतात आणि माणसात एखादंच चालतं, हे तिनं किती वेळा पाहिलं असेल! बापाकडे बघून ती पेशींचा हिशेब मांडेल, असं मला वाटत नाही. ती घाबरेल मात्र. रडेलही. तेवढा हक्क तिला द्या.

तुमचा पुढचा प्रश्न मला फार आवडला, आणि तुम्ही तो दडवून ठेवावा हे अजिबात आवडलं नाही. तिच्या संशोधनात तुमच्यासाठी काही आहे का?

आज, तुमच्या टप्प्यावर, थेट असं फारसं नाही. तुमचा आजार प्रोस्टेटपुरता दिसतो आहे. अशा वेळी निर्णय जुन्या, पारखून घेतलेल्या उपचारांमधूनच करायचा असतो. पण ज्या दालनात तुम्ही उभे आहात ते बांधलं आहे तुमच्या मुलीसारख्याच माणसांनी. 1941 साली शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवलं की पुरुषी हार्मोन तोडलं की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरसुद्धा आखडतो. हगिन्स यांना त्यासाठी 1966 मध्ये नोबेल मिळालं. हार्मोनचा निरोप पेशीच्या आत पोचवणाऱ्या त्या अँड्रोजेन रिसेप्टरचं जनुक हाती यायला मात्र 1988 साल उजाडलं. मग प्रश्न आला की हार्मोन तोडूनही काही वर्षांनी कॅन्सर पुन्हा का उसळतो? उत्तर शोधताना कळलं की काही पेशी स्वतःपुरतं हार्मोन तयार करायला शिकतात, तर काही रिसेप्टरच वाढवतात किंवा त्याचं रूप पालटतात. या समजेतून अबिराटेरोन आणि एन्झालुटामाइड ही औषधं आली. अमेरिकेत त्यांना 2011 आणि 2012 मध्ये मान्यता मिळाली. हगिन्स यांच्या प्रयोगापासून इथवर यायला सत्तर वर्षं लागली.

2005 मध्ये मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नय्यन यांच्या गटाला आणखी एक गोष्ट सापडली. 21व्या गुणसूत्रावरची दोन जनुकं, टीएमपीआरएसएस2 आणि ईआरजी, कित्येक रुग्णांच्या गाठीत एकमेकांना चिकटलेली होती. पाश्चात्त्य देशांतल्या जवळपास निम्म्या रुग्णांत हा जोड दिसतो. तुम्ही प्रेसमध्ये आयुष्य काढलंत, तुम्हाला हे पटकन कळेल: एका नोटेच्या प्लेटचा तुकडा तुटून दुसरीच्या प्लेटला जोडला जावा आणि मशीन सुरू झालं की नको ती नोट भराभर छापली जावी, तसं. पहिलं जनुक पुरुषी हार्मोननं सुरू होतं, त्यामुळे त्याला चिकटलेलं ईआरजीही प्रोस्टेटमध्ये नको तेव्हा चालू राहतं.

हे काम आपल्या देशातही होतं. आयआयटी कानपूरच्या बुशरा अतीक या चिन्नय्यन यांच्या प्रयोगशाळेत काम करून परतल्या. त्यांच्या गटानं दाखवलं की हार्मोन रोखणाऱ्या औषधांमुळेच काही गाठींत स्पिंक1 नावाचं प्रथिन वाढू शकतं आणि पेशी आपला स्वभाव बदलू लागतात. म्हणजे औषध कुणाला, केव्हा आणि किती काळ द्यायचं, याचा पुन्हा विचार करायला लावणारी ही गोष्ट आहे. 2020 चा वैद्यकीय विज्ञानाचा भटनागर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत त्या आहेत.

इतकं सविस्तर लिहिलं, कारण इतकी वर्षं मुलीच्या कामाबद्दल तुम्ही तिला एकही प्रश्न विचारलेला दिसत नाही. ‘तुझ्या कामाचा मला उपयोग आहे का?’ असं विचारलंत तर ती कदाचित ‘नाही बाबा, अजून नाही’ म्हणेल. त्यानं तिला कमीपणा येणार नाही. हा प्रश्न संशोधक स्वतःला रोजच विचारतात. वडिलांनी विचारला तर निदान त्यांना आपल्या कामात रस आहे, एवढं तरी तिला कळेल.

आता पत्रातल्या त्या ओळीकडे येते जिच्यामुळे ‘दिवाळी होऊ दे, उपचार उरकू देत, मग बघू’ असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. शेवटच्या पानावर, दुसरंच काही सांगताना, तुम्ही लिहिलंय, ‘धाकटी बहीण छातीच्या गाठीनं गेली, 44व्या वर्षी, तेव्हाही आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं.’

ही ओळ तुमच्या युरॉलॉजिस्टना माहीत आहे का? नसेल तर उद्याच फोन करून सांगा. बीआरसीए2 नावाचं एक जनुक आहे. पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं हे त्याचं काम. ते जन्मतःच बिघडलेलं असेल तर बायकांना स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, आणि पुरुषांना प्रोस्टेटचा. बिघाड आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. वडिलांमध्ये असेल तर प्रत्येक अपत्याकडे जायची शक्यता निम्मी, मग तो मुलगा असो की मुलगी. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक रुग्णांत असा वारसा नसतो, आणि तुमच्या बहिणीचा आजार निव्वळ योगायोगही असू शकतो. पण सख्ख्या बहिणीला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर आणि भावाला प्रोस्टेटचा, ही जोडी समोर आली की डॉक्टर जनुकीय चाचणीचा विचार करतात. चाचणी रक्ताची किंवा लाळेची असते. आधी समुपदेशन घ्यावं लागतं, म्हणजे निकालाचा अर्थ काय आणि तो घरात कुणाकुणाला लागू होतो हे नीट समजतं. बिघाड निघाला तर तुमच्याही उपचारात फरक पडू शकतो. पुढे कधी आजार पसरलाच, तर अशा रुग्णांसाठी ओलापरिबसारखी वेगळी औषधं आहेत.

म्हणजे ज्याला तुम्ही स्वतःचं गुपित समजताय, त्यात तुमच्या 36 वर्षांच्या मुलीच्या तब्येतीची माहिती असू शकते. तिचं संरक्षण म्हणून तुम्ही तिच्यापासून तिचीच गोष्ट लपवताय. आणि घरातली ती एकटी अशी आहे की तिला ‘बाबांना प्रोस्टेट, आत्याला स्तनाचा’ एवढं ऐकताच हे सगळं समजेल. आत्या कशानं गेली हे तरी तिला माहीत आहे का?

‘काम टाकून धावत येईल’ या भीतीबद्दल थोडंच लिहिते. हा आजार, तुमच्या टप्प्यावर, आठवड्याभरात गळ्याशी येणारा नाही. ब्रिटनमध्ये 1999 पासून प्रोटेक्ट नावाचा एक मोठा अभ्यास चालला. प्रोस्टेटपुरता कॅन्सर असलेल्या 1643 पुरुषांपैकी काहींचं ऑपरेशन केलं, काहींना रेडिएशन दिलं, आणि काहींवर फक्त लक्ष ठेवलं. 15 वर्षांनंतर तिन्ही गटांत या कॅन्सरनं दगावलेले जेमतेम 3 टक्क्यांच्या आसपास होते. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत आजार पसरण्याचं प्रमाण मात्र साधारण दुप्पट होतं, 9 टक्क्यांहून थोडं जास्त. तुमचा पीएसए आणि ग्लिसन बघता तुम्ही मधल्या धोक्याच्या गटात येता, म्हणून डॉक्टर उपचार घ्या म्हणताहेत, आणि ते बरोबर आहे. तेव्हा घाई नको, पण दोन महिन्यांचे सहा महिनेही होऊ देऊ नका. मुलीला नोकरी सोडावी लागणार नाही. ऑपरेशन ठरलं तर आठवडा-दोन आठवड्यांची रजा पुरेल. रेडिएशन रोज थोडं थोडं, काही आठवडे चालतं, आणि त्यासाठी नाशिकमध्येच सोय आहे. तिथे रोज सोबत जायला मुलगा आहे. उपचार उरकल्यावर तिला कळलं, तर मात्र आपल्याच विषयातला आजार आपल्याच घरात होता आणि आपल्याला बाजूला ठेवलं, हे शल्य तिच्या मनात कायम राहील.

तर काय करायचं?

सगळ्यात आधी वहिनींना शपथेतून मोकळं करा. दोन महिने त्या एकट्या हे पोटात ठेवून वावरताहेत, शेजारणीशी हसून बोलताहेत. पत्रात त्यांच्याबद्दल दोनच ओळी आहेत. आज संध्याकाळी त्यांना विचारा, ‘तुला काय वाटतं, ऑपरेशन की रेडिएशन?’ दोन्ही उपचारांत लघवीवरचा ताबा आणि शरीरसंबंध यांवर कमी-जास्त परिणाम होऊ शकतो. ऑपरेशननंतर लघवी गळण्याचा त्रास जास्त दिसतो, रेडिएशननंतर काहींना शौचाच्या तक्रारी होतात. हे मुलीशी बोलायची गरज नाही. डॉक्टरांसमोर, वहिनींना शेजारी बसवून, स्पष्ट बोला. ‘67व्या वर्षी आता काय त्याचं’ असं म्हणून हा प्रश्न गिळू नका. डॉक्टरही कधी कधी तो तसाच सोडून देतात, कारण पेशंट विचारत नाही.

मग मुलाला सांगा, समोर बसून. मुतखड्याची गोष्ट खोटी होती हे त्याला बहिणीच्या फोनवरून कळायला नको.

मुलीला त्याच दिवशी, रात्री ती घरी पोचल्यावर फोन करा. दिवाळीची वाट बघू नका. दिवाळीत घर भरलेलं असतं, फराळाची ताटं फिरत असतात, आणि चार दिवस कुणाला कुणाशी एकट्यानं बोलता येत नाही. रिपोर्टचा फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, तो नंतर पाठवा. सुरुवात साधी असू दे: ‘मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. पसरलेला दिसत नाही. दोन महिने झाले, तुला सांगायचा धीर झाला नाही.’ तो शब्द तोंडानं उच्चारा. तिच्यासमोर तो तुम्ही बहुधा पहिल्यांदाच उच्चारणार आहात.

आणि एक गोष्ट तिलाही मोकळेपणानं सांगा: निर्णयाचं ओझं तिनं घ्यायचं नाही. ती शास्त्रज्ञ आहे, तुमची डॉक्टर नाही. घरात कुणी असं शिकलेलं असलं की नातेवाईक सगळं त्याच्यावर ढकलतात, आणि पुढे काही उणं झालं की ‘तुला तर सगळं कळत होतं’ म्हणतात. तुमच्या घरी हे होऊ देऊ नका. डॉक्टर बोलतील तेव्हा ती फोनवर ऐकत राहिली, न कळलेलं नंतर तुम्हाला मराठीत समजावून सांगितलं, तेवढं पुष्कळ.

उपचार ठरवण्याआधी दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. पंचवटी एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईला जाऊन टाटा मेमोरियलला दाखवता येतं. जाताना नुसते रिपोर्ट नेऊ नका. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या, कारण तिथे त्या पुन्हा तपासतात, आणि ग्लिसनचा आकडा बदलला तर उपचारही बदलू शकतो. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांचं ऐकलंत तसं रेडिएशनच्या डॉक्टरांचंही स्वतंत्रपणे ऐका. प्रत्येकाला आपला उपचार जवळचा वाटतो.

हे वाचणाऱ्या इतर पुरुषांनी लगेच धास्तावू नये. साठीनंतर लघवीची धार बारीक होणं, रात्री उठावं लागणं, हे बहुतेकदा प्रोस्टेट नुसतं वाढल्यामुळे होतं, कॅन्सरमुळे नाही. पीएसएसुद्धा साध्या वाढीनं, लघवीच्या जंतुसंसर्गानं चढतो. म्हणून संसर्ग असताना तो तपासू नये, आणि शिबिरातल्या एका आकड्यावरून स्वतःच निष्कर्ष काढू नये. पण वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल, किंवा आई-बहिणीला कमी वयात स्तनाचा अथवा अंडाशयाचा झाला असेल, तर पन्नाशीची वाट न बघता पंचेचाळिशीच्या आसपास डॉक्टरांशी बोलावं. त्यासाठी घरात कोण कशानं गेलं, हे माहीत असावं लागतं. ‘पोटाचं दुखणं’, ‘गाठ’, ‘मोठा आजार’ एवढंच सांगून गेलेल्या पिढीची माहिती गोळा करणं कठीण आहे, पण म्हाताऱ्या आत्या-मामा हयात आहेत तोवर विचारून वहीत लिहून ठेवता येतं.

तुमच्या घरी ती वही तुम्हीच सुरू करा. आई, वडील, काका, आत्या, प्रत्येकाचं नाव, आजार आणि वय, जेवढं आठवेल तेवढं. समुपदेशक पहिल्यांदा हेच विचारतील. बहिणीला मुली आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील, आणि चाचणीत बिघाड निघाला, तर त्यांना कळवावं लागेल. ते तुम्ही सांगायचं की तुमच्या मुलीनं, हे दोघांनी दिवाळीत ठरवा.